कॉलेज कितव्या नंबरचं?

लामत्याला पोहोचून हातपाय धुतले होते, चहा अजून यायचा होता. तेवढ्यात भाचीनं विचारलं, "मामा, तुमच्या बेळगावच्या लॉ कॉलेजचा नंबर कितवा?"

मी गमतीनं म्हणालो, "टिळकवाडीत आहे एवढं ठाऊक आहे. नंबर पोस्टमनला विचारावा लागेल."

कुणी हसलं नाही. आक्का स्वयंपाकघराच्या दारातून नुसती बघत राहिली आणि दाजींनी वर्तमानपत्र आणखी वर धरलं. तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की या घरात सध्या नंबर हा थट्टेचा विषय राहिलेला नाही.

लामता कुठं आहे हे आपल्या वाचकांपैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. मध्य प्रदेशातल्या बालाघाट जिल्ह्यातलं, रेल्वेच्या काठावरचं हे गाव. आजूबाजूला भाताची शेतं, त्यापलीकडे साग-बांबूचं रान आणि सातपुड्याचे डोंगर. पंचवीस वर्षांपूर्वी नागपूरच्या आत्यानं स्थळ सुचवलं आणि आमची आक्का तिथं दिली. पहिल्यांदा तिला पोहोचवायला गेलो तेव्हा गोंदियाहून सातपुड्याची छोटी लाइन होती. अडीच फुटी रूळ. समोरासमोर बसलेल्यांचे गुडघे एकमेकांना लागायचे आणि गाडी एवढी सावकाश जायची, की अव्वानं दिलेले लाडू लामता येण्याआधीच संपले. आता लाइन मोठी झाली आहे आणि गाडी थेट जबलपूरपर्यंत जाते. घरातली बोली मात्र तशीच सरमिसळीची आहे. आपल्याकडे मराठीत कन्नड मिसळतं, तिथं मराठीत हिंदी आणि पोवारी. भाची माझ्याशी मराठी बोलते, वडिलांशी अर्धी हिंदी, आणि फोनवर अज्जीशी बोलायचं झालं की चार शब्द कन्नडचे.

आणखी एका बाबतीत बेळगाव आणि बालाघाट ही चुलत भावंडंच. दोघांचंही नशीब १ नोव्हेंबर १९५६ या एकाच तारखेला ठरलं. बेळगाव मुंबई राज्यातून निघून म्हैसूर राज्यात गेलं. बालाघाट नागपूर राजधानी असलेल्या जुन्या मध्य प्रदेशातून नव्या मध्य प्रदेशात राहिलं आणि शेजारचा विदर्भ मुंबई राज्याला जोडला गेला. त्याबरोबर उच्च न्यायालयंही बदलली. आपल्या वकिलांची वाट मुंबईची होती, ती बंगळूरची झाली. बालाघाटच्या वकिलांची वाट नागपूरची होती, ती जबलपूरची झाली. ही गोष्ट मला दाजींनीच लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला सांगितली होती. दाजी वकील आहेत. बालाघाटच्या जिल्हा न्यायालयात सत्तावीस वर्षं उभे राहतात.

आणि आता त्यांच्या मुलीला वकील व्हायचं होतं. मग अडलं कुठं?

भिंतीवरची यादी

अडलं होतं ते भिंतीवर. कालनिर्णयच्या शेजारी भाचीनं एक कागद चिकटवला होता. देशातल्या विधी महाविद्यालयांची क्रमवारी, एकपासून चाळीसपर्यंत. वरच्या नावांभोवती लाल वर्तुळं आणि खालच्या काहींवर फुली.

बारावीबरोबरच तिनं राष्ट्रीय विधी विद्यापीठांची सामाईक परीक्षा दिली होती. 'क्लॅट' हा शब्द आता आपल्याकडच्या घरांतही ऐकू येतो. ही परीक्षा २००८ साली सुरू झाली. त्याआधी प्रत्येक विद्यापीठाची वेगळी परीक्षा असायची. आता दोन तासांत एकशेवीस प्रश्न, आणि सगळं इंग्रजीत. सर्वसाधारण गटाला नुसत्या अर्जाची फी ४,००० रुपये. लामत्यात बसून तिनं अभ्यास केला आणि गुण बरे मिळवले. अगदी वरच्या दोन-तीन ठिकाणी जागा मिळेल असे नाहीत, पण लाल वर्तुळातल्या एका दूरच्या विद्यापीठात नंबर लागेल असे होते. पाच वर्षांचा खर्च, वसतिगृह, खाणं, येणं-जाणं धरून पंधरा-वीस लाखांच्या घरात जात होता.

दाजींनी ठरवलं होतं, की नाल्याकाठचं दीड एकर विकायचं. घरात पाणी लागणारं तेवढंच एक शेत. आक्काचं म्हणणं, पोरीला बेळगावला अज्जीकडे ठेवू, तिथंच शिकेल, शेत वाचेल. भाचीचं म्हणणं, बेळगाव यादीत नाही. आणि निकाल द्यायला मामा, म्हणजे मी!

"तुमी सांगा न साळेबुवा," दाजी म्हणाले, "बापानं काय करावं?"

मी म्हटलं, आधी ही यादी आहे तरी काय ते बघू. वाचकहो, तुमच्याही घरात आज ना उद्या अशी एखादी यादी भिंतीवर येईल, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

केंद्र सरकार एनआयआरएफ नावाची क्रमवारी दरवर्षी काढतं. त्यात विधी शिक्षणाची वेगळी यादी २०१८ पासून आहे. तेव्हापासून दरवर्षी पहिला नंबर बंगळूरच्या नॅशनल लॉ स्कूलचा. अलीकडच्या वर्षांत दुसऱ्या जागेवर दिल्लीचं राष्ट्रीय विधी विद्यापीठ आणि तिसऱ्यावर हैदराबादचं नालसार. गुणांची विभागणी अशी: अध्यापन आणि साधनसामग्रीला तीस, संशोधन आणि व्यावसायिक कामाला तीस, पदवीनंतर मुलांचं काय झालं याला वीस, मुली आणि निरनिराळ्या थरांतली मुलं किती याला दहा, आणि लोकांत नाव कसं आहे याला दहा.

आता यात काय नाही ते पाहा. इथून निघालेला मुलगा साक्षीदाराची उलटतपासणी घेऊ शकतो का? याला गुण नाहीत. दहा वर्षांनी तो कोर्टात उभा असतो की वकिली सोडून भलतंच काही करतो? हेही कुणी विचारत नाही. आणि देशात दीड हजारांहून जास्त विधी महाविद्यालयं असताना यादीत येतात ती जेमतेम चाळीस. म्हणजे यादीत नाव नसणं आणि कॉलेज वाईट असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मी हे सगळं मोठ्या तोऱ्यात सांगितलं. भाचीनं शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "मामा, पण फर्मवाले त्याच कॉलेजांत येतात ना?"

बँड आणि बँडबाजा

पोरीचं खरं होतं. मुंबई-दिल्लीच्या मोठ्या वकिली फर्म नोकरीसाठी मुलं निवडायला जातात त्या ठरावीक दहा-बारा कॉलेजांत. कोलकात्यात १९११ साली निघालेली खेतान, सिरिल अमरचंद, शार्दूल अमरचंद, एझेडबी, ट्रायलीगल ही नावं भाचीला क्रिकेटच्या टीमसारखी पाठ होती. कंपन्यांची खरेदी-विक्री, बँकांची शेकडो कोटींची कर्जं, परदेशी गुंतवणुकीचे करार हे त्यांचं काम. अशा ठिकाणी नव्या पोराला वर्षाला पंधरा लाखांच्या पुढे पगार मिळतो. या फर्मचीही क्रमवारी असते. लंडनच्या 'चेंबर्स'सारख्या निर्देशिका दरवर्षी त्यांना 'बँड' देतात. बँड एक म्हणजे सगळ्यांत वर.

दाजी वर्तमानपत्रामागून म्हणाले, "आमच्या बाररूमचा बँड कोणता? लग्नातला?"

तेव्हा कुठं घरात पहिल्यांदा हसू आलं. मग मी त्यांना सांगितलं, की ते सिरिल आणि शार्दूल अमरचंद म्हणजे मुळात एकच जुनी फर्म. २०१५ मध्ये दोघा भावांत तिची वाटणी झाली. दाजींचे डोळे चमकले. "वाटणी? मग ते तर आमचं रोजचं काम हाय."

रात्री जेवणं झाली. मी अंगणात खाटेवर पडलो होतो. भाची ओसरीवर मैत्रिणीशी फोनवर हिंदीत बोलत होती. तिकडून काहीतरी प्रश्न आला असावा. ही म्हणाली, "पप्पा? नहीं रे, कोई फर्म-वर्म नहीं। बस डिस्ट्रिक्ट कोर्ट में हैं।"

दाजी विहिरीजवळ उभे होते. त्यांना ऐकू गेलं. ते काही बोलले नाहीत. पायावर पाणी घेतलं आणि आत गेले.

वाचकहो, त्या वाक्यातला 'बस' हा शब्द मला रात्रभर टोचत राहिला. पोरीच्या मनात वाईट काही नव्हतं. तिनं नुसतं यादीच्या भाषेत उत्तर दिलं होतं. पण ज्या काळ्या कोटाच्या जोरावर तिची शाळा, शिकवणी आणि चार हजारांचा अर्ज झाला, तो कोट खुंटीवर तसाच लटकत होता, आणि यादीत त्याला नंबर नव्हता.

बालाघाटची एक सकाळ

दुसऱ्या दिवशी मी दाजींबरोबर बालाघाटला निघालो आणि भाचीलाही ओढून नेलं. "चल, तुझ्या धंद्याचं दुकान तरी बघ," म्हटलं.

कोर्टाच्या आवारात झाडाखाली दाजींचं टेबल. एक पाय विटेवर टेकवलेला. नऊ वाजल्यापासून माणसं. एका पोराची मोटारसायकल पोलिसांत अडकलेली. दोन भावांचा बांधावरून दावा. मग एक गोंड म्हातारी आली, नातवाला घेऊन. जंगलातली जमीन तिचा नवरा कसायचा. २००६ च्या वनाधिकार कायद्याखाली दावा लावलेला, तो नामंजूर झाल्याचं पत्र तिच्या हातात, हिंदीत. तिला ते वाचता येत नव्हतं आणि नातवाला वाचून कळत नव्हतं.

दाजींनी पत्र दोनदा वाचलं. मग तिच्याशी हिंदी आणि गोंडी मिसळून बोलू लागले. ग्रामसभेनं काय लिहिलं होतं? मोजणीला कोण आलं होतं? शेजारी कोण कसतं, जुनं झाड कुठलं, देव कुठं? पाऊण तास. कारण नामंजुरीत लिहिलं होतं 'पुरावा नाही', आणि म्हातारीला 'पुरावा' म्हणजे काय तेच कुणी सांगितलं नव्हतं. गावातल्या वडीलधाऱ्यांचं निवेदन हाही या कायद्यात पुरावा धरता येतो. दाजींनी अपिलाची तारीख मोजली. अजून मुदत होती.

म्हातारीनं पदराच्या गाठीतून पन्नासची नोट काढली. दाजींनी ती घेतली. भाचीला वाटलं होतं, ते नको म्हणतील. परत येताना तिनं विचारलं, "पप्पा, तिचे पैसे का घेतले?"

"नाही घेतले तर तिला वाटते, वकील फुकटचा आहे, काम करणार नाही. फी दिली का ती हक्कानं विचारते."

गाडीत बराच वेळ भाची खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, "मामा, हे कुठल्या कॉलेजात शिकवतात?"

मला उत्तर सुचलं नाही. सुचलं तेव्हा लामता आलं होतं.

बॅरिस्टर, प्लीडर आणि मुखत्यार

त्या संध्याकाळी मी तिला सांगितलं, की वकिलीतला हा मानपान काही आजचा नाही. ब्रिटिशांच्या काळात विलायतेहून आलेला बॅरिस्टर सगळ्यांत वर, मग हायकोर्टाचा वकील, मग जिल्ह्याचा प्लीडर आणि सगळ्यांत खाली मुखत्यार. मुंबई हायकोर्टाच्या ओरिजिनल साइडचा रुबाब वेगळा आणि अपील साइडचा वेगळा. आपल्या भागात नाथ पै म्हटलं, की आधी 'बॅरिस्टर' लावल्याशिवाय जुनी माणसं नाव घेत नाहीत. १९६१ च्या अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टनं ही उतरंड मोडली आणि सगळ्यांना 'अधिवक्ता' हे एकच नाव दिलं. आजही बंगळूरचा पहिला नंबरवाला असो की तालुक्याच्या कॉलेजचा, वकिली करायची तर बार परीक्षा एकच आणि कोट एकच. कोटावर कॉलेजचं नाव शिवलेलं नसतं.

मग बेळगावची गोष्ट निघाली. माझ्या भाचीनं फुली मारलेलं आमचं राजा लखमगौडा लॉ कॉलेज १९३९ चं. तिथं शिकलेले ई. एस. वेंकटरामय्या १९८९ मध्ये भारताचे सरन्यायाधीश झाले. तिथंच शिकलेले के. के. वेणुगोपाल २०१७ ते २०२२ देशाचे अ‍ॅटर्नी जनरल होते. गजेंद्रगडचं नाव लावणारे न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर धारवाडच्या कर्नाटक कॉलेजात शिकले, पुण्याच्या लॉ कॉलेजातून १९२६ मध्ये वकील झाले आणि १९६४ मध्ये सरन्यायाधीश. कन्नड मुलखातलं आडनाव, मराठी घर, आणि त्या वेळी क्रमवारी नावाचा प्रकारच नव्हता. अलीकडचं पाहायचं, तर शरद बोबडे नागपूर विद्यापीठाचे आणि भूषण गवई अमरावती विद्यापीठाचे. दोघेही सरन्यायाधीश झाले, एक २०१९ मध्ये आणि दुसरे २०२५ मध्ये.

"आणि तुझ्या घराजवळची गोष्ट," मी म्हटलं. "रायपूरच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाला नाव कुणाचं? हिदायतुल्लांचं. ते रायपूरच्या शाळेत आणि नागपूरच्या कॉलेजात शिकले आणि मग केंब्रिजला गेले. बॅरिस्टर होऊन परत आल्यावर नागपूरच्या लॉ कॉलेजात कितीतरी वर्षं शिकवलं. नागपूर हायकोर्टाचे मुख्य न्यायमूर्ती झाले आणि १९५६ मध्ये जबलपूरच्या नव्या हायकोर्टाचे पहिले मुख्य न्यायमूर्ती. पुढं देशाचे सरन्यायाधीश."

भाची हुशार. म्हणाली, "म्हणजे ते पण केंब्रिजलाच गेले ना?"

हरलो! पण खरं तेच होतं. नावाचा उपयोग होतो हे नाकारण्यात अर्थ नाही. मोठ्या नावाच्या कॉलेजात शेजारच्या बाकावर तयारीची मुलं भेटतात, ग्रंथालय असतं, वादविवाद स्पर्धा असतात, इंग्रजी सुधारतं. पहिला दरवाजा लवकर उघडतो. आणि आता क्रमवारीचा आणखी एक रोकडा उपयोग झाला आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत क्रमवारीत वर असलेल्या ठरावीक संस्थांत प्रवेश मिळाला, तर तारण आणि जामीनदार न देता कर्ज मिळतं. घरचं उत्पन्न वर्षाला आठ लाखांपर्यंत असेल, तर दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजात तीन टक्के सवलतही आहे. हे दाजींना ठाऊक नव्हतं. सत्तावीस वर्षं दुसऱ्यांच्या जमिनी वाचवणारा हा माणूस स्वतःचं शेत विकायला निघाला होता, आणि बँकेत जाऊन विचारलं नव्हतं!

म्हणून माझं म्हणणं एवढंच. नंबर हे दाराचं नाव आहे. ते दार कुठल्या खोलीत उघडतं ते आधी बघा, आणि तुमच्या लेकराला त्या खोलीत जायचं आहे का ते त्यालाच विचारा. फर्ममध्ये जायचं असेल तर नंबर बघायलाच हवा. न्यायाधीश व्हायचं असेल, तर सर्वोच्च न्यायालयानं मे २०२५ मध्ये सांगितलं आहे, की कनिष्ठ स्तराच्या परीक्षेसाठी आधी तीन वर्षं वकिली हवी. तिथं कॉलेजाइतकीच किंमत चांगल्या वरिष्ठाच्या हाताखाली काढलेल्या दिवसांना आहे. कोर्टात उभं राहायचं असेल, तर पहिली पाच वर्षं पोटाला काय, हा प्रश्न कॉलेजाच्या नंबराहून मोठा. बार कौन्सिलनं २०२४ मध्ये शिफारस केली, की नव्या वकिलाला शहरात महिना वीस हजार आणि गावात पंधरा हजार तरी द्यावेत. पण ती शिफारसच आहे. ज्याच्या घरावर वीस लाखांचं ओझं आहे, तो पोरगा झाडाखालच्या टेबलावर बसू शकत नाही. त्याला आवडो न आवडो, फर्म धरावीच लागते.

आणि आपल्या भागातल्या पालकांना एक वेगळी गोष्ट सांगतो. बेळगावच्या दोन्ही बाजूंना आता उच्च न्यायालय आलं आहे. धारवाडला २००८ पासून, आणि कोल्हापूरला ऑगस्ट २०२५ पासून सर्किट बेंच. आपल्या जमिनींचे १९५६ च्या आधीचे कागद मराठीत, काही मोडीत, आणि नंतरचे कन्नडमध्ये. जो वकील हे दोन्ही वाचतो आणि पक्षकाराशी दोन्ही भाषांत बोलतो, त्याची गरज या पट्ट्यात येती पन्नास वर्षं संपणार नाही. तुमच्या घरातलं पोर ही अर्धी वकिली आजीच्या मांडीवरच शिकून आलेलं असतं. याचे गुण कुठल्याच क्रमवारीत धरत नाहीत.

मोदल अकिन्न केळप्पा

एवढं सगळं बोलून झालं आणि अव्वाचा फोन आला. वय ब्याऐंशी, पण कान शाबूत. मी तिला निम्मी हकिकत सांगितली तोच म्हणाली, "दूरद बेट्ट नुण्णगे." आपलं 'दुरून डोंगर साजरे' तेच. मी खूश झालो. पण अव्वा थांबली नव्हती. "निन्न मगनिगे ह्यांग माडिदि?" तुझ्या पोराच्या वेळी तू काय केलंस?

मला गप्प बसावं लागलं. सहा वर्षांपूर्वी माझ्या मुलाला घराजवळ इंजिनिअरिंगची चांगली जागा मिळत होती. मी यादी बघितली, वरचा नंबर बघितला आणि त्याला न विचारता दूर पाठवला. पोरगं पहिल्या वर्षात आजारी पडलं, वर्ष वाया गेलं, आणि त्यानं हे मला दोन महिने कळू दिलं नाही. का, तर बाबा सगळ्यांना नंबर सांगत फिरतात. आज तो बरा आहे, कामाला आहे. पण त्या वेळी मी भिंतीवरचा कागद वाचला आणि पोराचा चेहरा वाचला नाही. लामत्यात मी शहाणपण वाटत होतो ते या चुकीच्या पैशांतून विकत घेतलेलं.

"हुडुगी एनंताळ?" अव्वानं विचारलं. पोरगी काय म्हणते?

खरंच, दोन दिवस आम्ही सगळे बोलत होतो. आक्का, दाजी, मी. तुला वकील होऊन करायचंय काय, हे तिला कुणी विचारलंच नव्हतं. "मोदल अकिन्न केळप्पा," म्हणून अव्वानं फोन ठेवला.

मग विचारलं. भाची थोडा वेळ बोटांशी चाळा करत बसली. म्हणाली, फर्मचा पगार हवासा वाटतो, खोटं का बोलू? पण काल त्या आजीचं पत्र पाहिल्यापासून डोक्यात तेच आहे. असली कामं हायकोर्टापर्यंत नेणारं कुणी लागत असेल ना? ते हायकोर्ट कुठं आहे?

हायकोर्ट जबलपूरला. आणि जबलपूरला २०१८ पासून धर्मशास्त्र राष्ट्रीय विधी विद्यापीठ आहे, मध्य प्रदेशच्या मुलांसाठी राखीव जागा असलेलं. वयानं लहान. भाचीच्या कागदावर तिथं ना वर्तुळ होतं ना फुली. लामत्याहून सकाळच्या गाडीनं निघालं की दुपारपर्यंत पोहोचतं. सुटीत हायकोर्टात एखाद्या वकिलाकडे बसता येईल आणि दर महिन्याला घरी येऊन पप्पांच्या टेबलावरही. बेळगावचा विचारही तिनं मनापासून केला. पण म्हणाली, "मामा, तिथले कागद कन्नडमध्ये. मला अज्जीपुरतंच येतं." हेही बरोबरच. बेळगावच्या पोराला जे कॉलेज सोन्याचं, ते लामत्याच्या पोरीला असेलच असं नाही. माझा गावाभिमान थोडा खट्टू झाला, झाला तर झाला.

तिनं तिथं शिकणाऱ्या दोन मुलींचे फोन मिळवले. प्राध्यापक वर्गावर येतात का, वसतिगृहात पाणी असतं का, कोर्टात कुणी पाठवतं का, असे प्रश्न विचारले. उत्तरं सगळीच गोड नव्हती. तरीही तिनं तेच पहिलं भरलं आणि जागा मिळाली. पुढच्या वर्षी वाटलं तर पुन्हा परीक्षा देईन असंही म्हणते. देऊ दे. दाजी आधी जरा हिरमुसले. चारचौघांत सांगायला मोठा नंबर त्यांनाही हवा होता, बापच तो! फी कमी आहे असंही नाही. बँकेचे कागद चालू आहेत. पण नाल्याकाठचं दीड एकर जागेवर आहे, आणि यंदाही तिथं धान लागेल.

परवा आक्काचा फोन आला होता. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाली, पोरगी कुणाला तरी फोनवर सांगत होती, "पप्पा डिस्ट्रिक्ट कोर्ट में वकील हैं।" आक्कानं हे मला का सांगितलं ते मला कळलं. वाक्यात 'बस' नव्हता.

तुमच्या घरी यादी आली, तर फाडू नका. तिच्यात कामाच्या गोष्टी आहेत. फक्त ती कालनिर्णयाच्या शेजारी लावण्याआधी पोराला समोर बसवा, चहा ठेवा, आणि अव्वा म्हणाली तसं, मोदल अकिन्न केळ्री.